पाच कोटींची पिशवी

भाताची झोडणी संपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, की कशेळ्याच्या आजूबाजूची खाचरं मोकळी होतात. त्यातलं रस्त्याकडेचं एखादं खाचर कबड्डीला मिळतं. ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, दोन दिवस रूळ फिरवायचा, चुन्याची फक्की ओढायची. चार कोपऱ्यांना बांबू रोवून त्यावर हॅलोजन चढवले की रात्रीच्या सामन्यांना मैदान तयार. पेज नदीवरून गार वारा येतो, तरी पोरं उघड्या मांड्यांनी ओळीत उभी असतात. खांडसकडून, आंबिवलीकडून, पार पेठच्या किल्ल्याखालच्या वाड्यांवरून माणसं येतात. बायका पोराबाळांसकट बांधावर बसतात. शेवटचा सामना उरकेपर्यंत पहाट होते.

अशा एका संघाचं व्यवस्थापन मी सोळा वर्षं केलं. व्यवस्थापन हा शब्द आमच्या फ्लेक्सवर असायचा. प्रत्यक्षात जीप ठरवणं, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या आणणं आणि सात जणांत कोणाला घ्यायचं यावरून शिव्या खाणं, एवढंच काम. पण त्या शेवटच्या कामामुळे एक खोड लागली. प्रो कबड्डीचा लिलाव टीव्हीवर लागला की मला खेळाडूंपेक्षा टेबलामागे बसलेली माणसं जास्त दिसतात. हातात पाटी, समोर लॅपटॉप, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असा बेत. ही माणसं हुशार की नशीबवान, हे कशावरून ठरवायचं?

आमच्याकडे हा प्रश्न जरा जास्तच पेटतो. आमचं कर्जत पडतं मुंबई-पुण्याच्या मधोमध. घाट चढण्याआधी गाडीला मागून इंजिन लावायचं ते इथेच. त्यामुळे निम्मं गाव यू मुम्बाचं आणि निम्मं पुणेरी पलटणचं. ज्याचा भाऊ कल्याणला कामाला तो मुंबईवाला, ज्याची बहीण चिंचवडला दिलेली तो पुणेवाला, इतकं ते सोपं असतं. नाक्यावरच्या हॉटेलात लिलावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जी चर्चा चालते, ती पगारी समालोचकांनी येऊन ऐकावी.

आता लिलावाचा हिशोब थोडक्यात. 26 जुलै 2014 ला आठ संघांवर ही लीग सुरू झाली. त्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, पाटण्याकडे, 12 लाख 80 हजारांना. 2018 मध्ये इराणच्या फजल अत्राचलीसाठी यू मुम्बाने 1 कोटी मोजले. कोटीला पोचलेला तो पहिला. त्याच लिलावात मोनू गोयत 1 कोटी 51 लाखांवर गेला. 2023 मध्ये पवन सेहरावत 2 कोटी 60 लाखांच्या वर. आकडे असे फुगत गेले तरी संघाची पिशवी मात्र बांधलेली राहिली. अलीकडच्या लिलावांत ती पाच कोटींची, आणि तिच्यातून अठरा ते पंचवीस खेळाडू उभे करायचे. म्हणजे एकावर अडीच कोटी लावले की उरलेल्या अडीच कोटींत अख्खं गाव जेवू घालायचं.

या पिशवीला दोन चोरखिसे आहेत. एक म्हणजे आधीच्या हंगामातले काही खेळाडू लिलावात न सोडता राखून ठेवता येतात. दुसरा खिसा नव्या युवा खेळाडूंचा. हे पोरगे लिलावात न येता थेट करारावर घेतले जातात आणि ठरलेल्या, कमी पैशात काही हंगाम संघाकडे राहतात. शिवाय एक पत्ता हातात असतो: सोडलेल्या आपल्या खेळाडूवर दुसऱ्याने शेवटची बोली लावली, की तेवढेच पैसे देऊन त्याला परत घ्यायचं. टीव्हीवर हातोडा पडतो, नाव झळकतं, सगळे त्यावर बोलतात. पण कोणाला राखलं आणि कोणता पोरगा कुठल्या मैदानावर बघून ठेवला होता, हे काम महिनोन् महिने आधी झालेलं असतं.

मला हे उशिरा कळलं, आणि स्वतःच्या पैशाने कळलं.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या स्पर्धेसाठी बाहेरचा चढाईपटू आणला. पाच हजार रुपये, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. त्याला मी एकाच अंतिम सामन्यात पाहिलं होतं. त्या रात्री तो ‘पब्लिक हिरो’ ठरला होता, बक्षिसाची सायकल डोक्यावर घेऊन नाचला होता, आणि मी बांधावर बसून ठरवलं की हा आपल्याकडे पाहिजे. आमच्याकडे पहिल्या सामन्यात त्याने चौदा गुण आणले. दुसऱ्या सामन्यात समोरच्यांनी डावा कोपरा एक पाऊल मागे घेतला आणि त्याला मध्ये येऊ दिलं. तो एकाच बाजूला वळतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. मी पाहिलं नव्हतं. तीन वेळा तो त्याच जागी धरला गेला. तिसऱ्या वेळी ज्याने त्याचा घोटा पकडला, तो वाडीवरचा ठाकराचा पोरगा. आदल्या वर्षी आमच्या राखीव बाकावर बसलेला. त्याला मी दोन स्पर्धांत एकदाही उतरवलं नव्हतं, म्हणून तो गेला होता.

त्या रात्री परतताना जीपमध्ये कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. लिलाव संपला की त्याच रात्री त्यात आपलं मत लिहायचं, तारीख घालायची, आणि हंगाम संपेपर्यंत खाडाखोड करायची नाही, असा नियम केला. निकाल लागल्यावर नाक्यावर प्रत्येक जण ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणतो. वहीत बघितलं की कळतं, आपण तेव्हा काय म्हणालो होतो ते.

वहीतली एक नोंद एप्रिल 2019 ची. ‘मुम्बाने हिरा घालवला. कारभारी बदला.’ खाली दोन रेघा मारल्यात.

हिरा म्हणजे सिद्धार्थ देसाई. चंदगड तालुक्यातला. 2018 मध्ये यू मुम्बाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण आणले. उंच, रुंद, तिघांना ओढत मध्यरेषेवर आणणारा. पुढच्या लिलावाआधी मुम्बाने त्याला सोडलं. तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना उचललं, त्या लिलावातला सगळ्यात महाग. मी चिडून लिहिलं ते तेव्हा.

मग हंगाम झाला. देसाईने तेलुगूकडून पुन्हा दोनशेच्या घरात गुण मिळवले, म्हणजे माझी पारख चुकली नव्हती. पण तेलुगू बारा संघांत अकरावे आले. मुम्बा फजलच्या बचावावर आणि अभिषेक सिंगसारख्या स्वस्तातल्या चढाईपटूवर उपांत्य फेरीत पोचले आणि बंगालकडून 35-37 असे दोन गुणांनी हरले. देसाईला 1 कोटी 45 लाख देऊन परत घेतलं असतं, तर एक कोटीचा फजल आणि तो मिळून तेव्हाच्या पिशवीतली निम्म्याहून जास्त रक्कम दोन माणसांत गेली असती. पुढे 2021 मध्ये तेलुगूने देसाईवर पुन्हा 1 कोटी 30 लाख लावले आणि तो दुखापतीने काही सामन्यांतच बाहेर पडला. ‘कारभारी बदला’ या ओळीसमोर मी नंतर पेन्सिलीने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. नियम नियम असतो.

दुखापतीचा मुद्दा मात्र तेलुगूच्या गळ्यात घालणं मला पटत नाही. 2022 मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि हंगामातल्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. नाक्यावर हसू झालं. पण गुडघा आधी सांगून थोडाच जातो? त्यात तेव्हा कोणाला दिसण्यासारखं काही नव्हतं. आणि गंमत अशी, की पवन नसताना तमिळ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले, कारण नरेंदर नावाचा एक नवा पोरगा त्यांच्याकडे होता आणि त्याने त्या हंगामात दोनशेहून जास्त गुण आणले. आता गुण कोणाला द्यायचे? महागडी निवड फुकट गेली ते नशीब, आणि स्वस्तातली निवड फळली ते कसब? मी तरी तसंच मांडतो. नशिबाने हात दिला तेव्हा आधीच तयार असलेला पोरगा बाकावर होता, यात कोणाची तरी नजर आहे.

त्या उपांत्य सामन्यात तमिळला 39-37 असं हरवलं ते पुणेरी पलटणने. इथून पुण्याची कथा सुरू होते, आणि माझ्या वहीतली सगळ्यात जास्त पानं तिच्यावर गेली आहेत.

पहिल्या दोन हंगामांत पुणे तळाशी होतं. मग मनजीत छिल्लरला आणलं, लागोपाठ दोनदा तिसरा क्रमांक आला. पुढे मोठ्या नावांचं वेड लागलं. नितीन तोमरला 1 कोटी 15 लाख, आणखी पुढे राहुल चौधरी. ही माणसं मोठीच होती, पण घ्यायला गेले तेव्हा त्यांची उत्तम वर्षं बहुतेक दुसऱ्याच्या अंगणात खर्ची पडली होती. आठव्या हंगामात मात्र वेगळंच झालं. मोठी नावं बाकावर गेली आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत ही दोन पोरं संघ ओढू लागली. दोघंही नव्या युवा खेळाडूंच्या खिशातली. त्यांच्यासाठी हातोडा कधी पडलाच नव्हता. त्यांच्यामागे संकेत सावंत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन असे एकेक उभे राहत गेले.

हे आमच्या शेतातल्या माणसाला समजायला सोपं आहे. कशेळ्यात अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने जुन्या भाताची वाणं जपायचं काम केलं, तेव्हा आमच्यातल्या काहींनी ते जवळून पाहिलं. पण आमच्या आज्याही तेच करायच्या. बियाणं खळ्यावरच्या राशीतून काढत नसत. पीक उभं असतानाच शेतात शिरून भरलेली लोंबी बघायची, तिच्या बुडाशी फुटवे किती, पावसात आडवी झाली का, हे बघून तेवढ्याच लोंब्या वेगळ्या कापून ठेवायच्या. राशीत गेल्यावर दाणा दाण्यासारखाच दिसतो. लिलाव म्हणजे रास आहे. पुण्याच्या लोकांनी उभ्या पिकात फिरून ठेवलं होतं.

म्हणून ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांना चैन करता आली. आदल्या वर्षी फजलला 1 कोटी 38 लाख आणि नबीबख्शला 87 लाख देऊन ते अंतिम फेरीत गेले, जयपूरकडून 29-33 हरले. मग दोघांनाही सोडलं, घरची पोरं राखली, आणि मोकळ्या झालेल्या पिशवीतून एकट्या मोहम्मदरझा शादलू चियानेवर 2 कोटी 35 लाख लावले. डावा कोपरा. माझी त्या रात्रीची नोंद अशी: ‘बचाव करणाऱ्यावर अडीच कोटी? पुण्याचं डोकं फिरलं. फजल काय वाईट होता?’

1 मार्च 2024 ला हैदराबादला पुणे-हरियाणा अंतिम सामना झाला. नाक्यावरच्या हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. यू मुम्बावाले हरियाणाच्या बाजूने ओरडत होते, यावरून आमचं गाव कळावं. पुण्याने 28-25 असा जिंकला. साखळीत ते 96 गुणांनी पहिले होते. अस्लम हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. चियानेने पकडीचे 99 गुण केले. हॉटेलमालकाने सगळ्यांना अर्धा-अर्धा चहा फुकट दिला आणि मी घरी येऊन ती नोंद पुन्हा वाचली.

चूक कुठे झाली ते त्या रात्री लक्षात आलं. मी किंमत बघत होतो. संघात आधीपासून काय आहे आणि नेमकं काय नाही, हे बघतच नव्हतो. पुण्याकडे चढाई होती, उजवा कोपरा होता, मधले दोघं होते. एकच जागा रिकामी होती आणि त्या जागेवरचा जगातला पहिला माणूस बाजारात होता. बाकीचं घर स्वस्तात उभं असेल, तर उंबऱ्यावर पितळ ठोकायला पैसे उरतात.

याचा पुरावा पुढच्या दोन वर्षांनी दिला. 2024 च्या लिलावात पुण्याने चियानेला जाऊ दिलं. ज्यांना त्याने अंतिम फेरीत रडवलं होतं, त्या हरियाणानेच त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं. हरियाणाकडे जयदीप आणि राहुल सेठपालचा बचाव होता, विनय आणि आपल्याकडचा शिवम पटारे चढाईला होते. 29 डिसेंबर 2024 ला ते पाटण्याला 32-23 ने हरवून विजेते झाले, आणि तेही पुण्याच्या बालेवाडीत. पुणे बाद फेरीतही नव्हतं. अस्लम गुडघा घेऊन बसला होता. पुढच्या वर्षी गुजरातने चियानेवर 2 कोटी 23 लाख लावले, त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली. गुजरात पहिल्या आठातही आलं नाही. माणूस तोच, कोपरा तोच, बोली दोन कोटींच्या आसपासचीच. दोनदा करंडक आणि एकदा काहीच नाही.

त्याच लिलावात दुसरी मोठी बोली होती देवांक दलालची, बंगालकडून 2 कोटी 20 लाखांच्या वर. आदल्या हंगामात पाटण्याकडून त्याने चढाईचे तीनशे गुण ओलांडले होते. बंगालही आठात आलं नाही. आणि पुणे, ज्यांनी चियानेला सोडून माझ्यासकट सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, ते त्या हंगामात साखळीत पुन्हा पहिले. 31 ऑक्टोबर 2025 ला, दिवाळीचे कंदील अजून दारात होते तेव्हा, दिल्लीत अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून 28-31 असे हरले. मग चियानेला सोडणं चूक होतं की बरोबर? 2024 पुरतं बघा, चूक. दोन्ही वर्षं मिळून बघा, तर मला नक्की सांगता येत नाही. नाक्यावर नक्की सांगणारे पुष्कळ आहेत.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये लिलाव नसतो. तिथे कॉलेजातून येणाऱ्या पोरांची पाळीपाळीने निवड होते आणि तळाच्या संघाला पहिली पाळी मिळते. आमच्या गल्लीत दोन कप्तान ‘तू एक घे, मी एक घेतो’ करतात तसंच, फक्त कोट-टाय घालून. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी त्या निवडींचा हिशोब काढला. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू एकापाठोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे जास्त चांगला निघण्याची शक्यता किती? सुमारे 52 टक्के. टॉसपेक्षा जरा बरी. थेलरना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टॉम ब्रेडी हा त्या खेळातला सगळ्यात यशस्वी खेळाडू 2000 साली 199 व्या क्रमांकावर निवडला गेला. ज्यांनी निवडला त्यांनीही आधीच्या पाळ्यांत दुसऱ्यांनाच घेतलं होतं. आता त्यांच्या नजरेचं कौतुक करायचं, की त्यांना आधी दिसलं नाही म्हणून हसायचं?

आपल्याकडचा ब्रेडी म्हणजे परदीप नरवाल. दुसऱ्या हंगामात तो बंगळूर बुल्सकडे होता, फार उतरला नाही, त्यांनी सोडला. पाटण्याने घेतला आणि लागोपाठ तीन करंडक जिंकले. पाचव्या हंगामात एकट्याने 369 गुण. मग 2021 ला उत्तर प्रदेशने 1 कोटी 65 लाख दिले. तेव्हा तो विक्रमांसाठी विकला गेला, पायांसाठी नव्हे, असं माझ्या वहीत आहे आणि ही माझी एक नोंद बरोबर निघाली. 2025 च्या लिलावात त्याच्यावर कोणीच पाटी उचलली नाही, त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली. डुबकी मारणारा असा माणूस पुन्हा होणार नाही. पाटी न उचलणाऱ्यांचं चुकलं नाही, पण त्या दिवशी टीव्ही बंद करून मी गुरांना पाणी पाजायला गेलो.

एवढ्या सगळ्या नोंदी चाळल्यावर मी आता कारभाऱ्यांकडे तीनच गोष्टी बघतो. लिलावाला येताना त्यांच्या घरात किती पोरं आधीच उभी आहेत. मोठी बोली रिकाम्या जागेसाठी लागते आहे की गाजलेल्या नावासाठी. आणि गेल्या वर्षीची चूक त्यांनी पुन्हा पैसे मोजून केली का. करंडक चौथा. तेलुगूने 2023 मध्ये पवनवर विक्रमी रक्कम लावली आणि तळाला गेले, तेव्हा मला पवनचा दोष दिसला नाही. बाकीच्या सहा जणांच्या यादीकडे बघितलं, म्हणजे कळतं.

आमच्या गावच्या संघाचा कारभार आता माझ्या पुतण्याकडे आहे. माझी वही त्याला हवीय, पण मी देत नाही. त्यात त्याच्याबद्दलही दोन नोंदी आहेत. परवा निवड चाचणी होती. शाळेच्या मागच्या पटांगणात पंचवीस-तीस पोरं. एकाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतायत, तीन जणांना अंगावर घेऊन उडी मारतो. सगळे त्याच्याभोवती. बदलापूरचा कोणी संघ त्याला पैसे देतोय म्हणे, आपण जास्त देऊ का, यावर पुतण्या आणि त्याचे मित्र हिशोब करत होते.

मी दुसरीकडे बसलो होतो. वाडीवरून आलेला एक कातकऱ्याचा पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा, उजव्या कोपऱ्यावर उभा. त्याच्याकडे चढाई आली की तो हलायचा नाही. नुसता चढाईवाल्याच्या कमरेकडे बघायचा. पाच वेळा काही केलं नाही. सहाव्या वेळी चढाईवाल्याने पाय बोनससाठी टाकला, तो परत उचलायच्या आत घोटा याच्या दोन्ही हातांत. धूळ उडाली नाही, आवाज नाही. कोणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे व्हिडिओवाल्याकडे बघत होते.

“काका, हा पास का?” पुतण्याने लांबूनच विचारलं.

“अजून दोन दिवस बोलव,” म्हणालो.

पोरगा बांधावर येऊन पाणी प्यायला. नाव विचारलं तर सांगितलं, बाकी काही नाही. निघताना मागे वळून त्याने एवढंच विचारलं, उद्या मैदानावर रूळ फिरवायला किती वाजता यायचं.